न्यायालयातला उबुंटू आणि त्याची निगा

दाव्याची पुढची तारीख विचारण्यासाठी पक्षकाराने वकिलाकडे खेटे घालायचे दिवस मागे पडत आहेत. मोबाइलवर सोळा अक्षरा-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की प्रकरण कोणापुढे आहे, मागच्या तारखेला काय झाले आणि पुढे कधी यायचे, हे अमरावती-अकोल्याच्या माणसाला गावात बसून कळते. त्यामागे सीआयएस नावाची प्रणाली आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) पुण्यातल्या गटाने ती घडवली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी ती स्वीकारली. तिचा पाया मुक्त सॉफ्टवेअरचा आहे: खाली उबुंटू लिनक्स, त्यावर पोस्टग्रेस हा विदाकोश. या ई-कोर्ट्स प्रकल्पात देशातल्या 14,000 हून अधिक न्यायाधीशांना उबुंटू वापरण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. म्हणजे अमरावती, अकोला, अचलपूर, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर अशा ठिकाणी युनिक्सच्या घराण्यातली यंत्रणा कोणताही गाजावाजा न होता सरकारी कामाचा भाग झाली आहे. तिच्या भोवतीचे जग मात्र बहुतांशी विंडोजचे आहे. वकिलांचे लॅपटॉप विंडोजचे, टायपिंगची सवय विंडोजवरची, आणि दुकानात मिळणारा प्रिंटरसुद्धा विंडोज गृहीत धरून बनवलेला. अशा मिश्र जाळ्यात लिनक्सचा संगणक नीट चालतो की नाही, हे त्या यंत्रणेच्या गुणदोषांवर फारसे ठरत नाही. सुरुवातीला कोणते नियम ठरवले आणि ते रोज पाळून घेणारा माणूस जागेवर आहे की नाही, यावर ते ठरते. परवान्यांचे वाचलेले पैसे या माणसावर खर्च होत नाहीत तोवर मुक्त सॉफ्टवेअर घेण्याचा निर्णय अर्धाच अमलात आलेला असतो, असे माझे म्हणणे आहे.

युनिक्स 1969 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून आकाराला येऊ लागली. तिचे पहिले कार्यालयीन गिऱ्हाईक होते त्याच प्रयोगशाळेचे पेटंट खाते. पेटंटचे अर्ज टाइप करणारी तिथली मंडळी 1971 च्या सुमारास युनिक्सवर काम करू लागली. कायद्याची कागदपत्रे हे काम तिला तेव्हापासून ओळखीचे आहे. एका यंत्रावर अनेकांनी बसावे, प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत, कोणी काय वाचायचे आणि कोणी काय बदलायचे हे आधीच ठरलेले असावे, ही तिची मूळ बैठक. 1991 मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने याच धर्तीचा गाभा नव्याने लिहिला, तो लिनक्स. उबुंटू हे त्याचेच एक घडवलेले रूप.

वऱ्हाडाला हे घराणे अगदीच नवखे नाही. पुण्यातल्या सी-डॅकचे संस्थापक संचालक विजय भटकर यांचा जन्म अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात, मुरंबा या गावचा. त्यांच्या काळात 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक झाला आणि 1998 मध्ये परम 10000. हा दुसरा महासंगणक म्हणजे एखादी अजस्र पेटी नव्हती. सन कंपनीचे, सोलारिस या युनिक्सवर चालणारे अनेक संगणक वेगवान जाळ्याने जोडून त्यांच्याकडून एकाच गणिताचे तुकडे सोडवून घ्यायचे, अशी ती रचना होती. बँकांच्या शाखांत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून आलेल्या यंत्रांपैकीही अनेक युनिक्सवर चालत. पण हे ज्ञान थोड्या तज्ज्ञांपुरते राहिले. संगणक सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम 2001 नंतर एमएस-सीआयटीने केले, आणि त्या अभ्यासक्रमाचा भर विंडोज व ऑफिसवर होता. लाखो मराठी तरुण-तरुणींना आणि सरकारी कर्मचाऱ्यांना त्याने संगणकापुढे बसवले, हे मोठेच काम झाले. मात्र त्यातून ‘संगणक म्हणजे विंडोज’ ही समजूतही घट्ट झाली. आज एखाद्या तालुका न्यायालयातल्या लिपिकाला उबुंटूचा पडदा परका वाटतो, त्याचे कारण यंत्रणेच्या अवघडपणात नाही, या इतिहासात आहे.

मिश्र जाळ्यात पहिला प्रश्न ओळखीचा येतो. लिनक्सच्या लेखी माणूस म्हणजे एक आकडा. उबुंटू बसवताना जो पहिला वापरकर्ता तयार होतो त्याचा आकडा 1000, पुढच्याचा 1001. स्क्रीनवर नाव दिसते, पण फाइलीवर मालकी नोंदली जाते ती या आकड्याची. समजा, एका संगणकावर 1001 म्हणजे अभिलेख कक्षातला लिपिक आहे आणि शेजारच्या संगणकावर 1001 म्हणजे लघुलेखक. हे दोन्ही संगणक सन कंपनीने 1984 मध्ये काढलेल्या एनएफएस पद्धतीने एकच सामायिक डिस्क वापरत असतील, तर डिस्कला ही दोन माणसे एकच वाटतात, कारण जुन्या पद्धतीच्या एनएफएसमध्ये समोरच्या संगणकाने सांगितलेला आकडा खरा धरला जातो. मग एकाचे गोपनीय टिपण दुसऱ्याला उघडता येते. यात कोणी कुलूप तोडलेले नसते. आकडे कुठून द्यायचे हे कोणी ठरवलेलेच नसते. उपाय जुना आहे. सगळ्या संगणकांनी माणसांची यादी एकाच ठिकाणाहून घ्यायची. ते ठिकाण विंडोजचा ॲक्टिव्ह डिरेक्टरी सर्व्हर असू शकते किंवा लिनक्सवरचा सांबा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर विंडोजच्या संगणकांशी त्यांच्याच भाषेत बोलते, आणि 2012 च्या चौथ्या आवृत्तीपासून तर ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीची जागाही घेऊ शकते. तंत्राची अडचण त्यामुळे फारशी उरलेली नाही. बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करणे, नव्याला त्याच्या कामापुरतेच अधिकार देणे, आणि ‘सगळ्यांचा एकच पासवर्ड’ ही सोयीची वाट बंद ठेवणे ही खरी कामे आहेत, आणि ती माणसाची आहेत. हीच गोष्ट रूट या सर्वाधिकारी खात्याची. उबुंटूत रूटने थेट आत येण्याची वाट मुळातच बंद असते. ज्याला अधिकार आहे त्याने सुडो लावून तेवढीच आज्ञा द्यायची, आणि कोणी कधी दिली याची नोंद राहते. पाच जणांना मिळून एकच खाते दिले तर ही नोंद असून नसल्यासारखी.

घड्याळाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण न्यायालयात तो क्षुल्लक नाही. दस्तऐवज मुदतीत दाखल झाला की नाही, हे सर्व्हरच्या वेळेवरून ठरू शकते. ओळख पटवण्याची जी केर्बेरॉस पद्धत ॲक्टिव्ह डिरेक्टरीत आहे, तिला दोन संगणकांच्या घड्याळांत साधारण पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. पासवर्ड बरोबर असूनही ती आत घेत नाही आणि लिपिक बिचारा पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत राहतो. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपून घड्याळ चुकलेला जुना संगणक एवढ्या एका कारणाने निकामी ठरवला जाऊ शकतो. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत सरकारी कार्यालयांसह सर्वांना घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला आणि नोंदी 180 दिवस जपायला सांगितले. लिनक्सवर हे करायला दोन-चार ओळी पुरतात. त्या प्रत्येक संगणकावर घातल्या आहेत का, हे मात्र कोणीतरी फिरून पाहावे लागते.

मराठीचा प्रश्न या सगळ्यांत गुंतागुंतीचा आहे, आणि इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्या व्यवस्थापकाला तो दिसतही नाही. 1998 पासून महाराष्ट्रातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. पण मराठी मजकुराचा मोठा जुना साठा कृतिदेवसारख्या फाँटांत आहे. त्या फाँटांत ‘क’ हे अक्षर साठवलेलेच नसते. इंग्रजी ‘डी’च्या क्रमांकावर ‘क’चे चित्र काढलेले असते. तो फाँट नसलेल्या उबुंटूवर तीच फाइल उघडली की निकालपत्राच्या जागी रोमन अक्षरांचा पसारा दिसतो, आणि ‘लिनक्सवर मराठी येत नाही’ असा शेरा बसतो. वस्तुतः युनिकोडमधली मराठी उबुंटूवर उत्तम चालते आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात मिळतो. अडचण हाताची आहे. टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर मिनिटाला 30 शब्दांची मराठी परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या माणसाची बोटे दुसरी मांडणी आठवड्यात आत्मसात करत नाहीत. त्याला वेळ द्यावा लागतो आणि मधल्या काळात जुन्या फाइली रूपांतरित करून घेण्याची सोयही. सगळे युनिकोडमध्ये आले तरी काम संपत नाही. ‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. त्यातला अर्धा र एका कीबोर्डवरून नुक्त्याच्या ऱ-ला हलन्त देऊन येतो, तर दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह अशा वाटेने येतो. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला वेगळे. ‘ॲड.’मधला ॲ हा 2008 पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, पण अ-वर चंद्र देऊनही तसाच दिसणारा ॲ तयार होतो. वकिलाच्या नावाने शोध घेतला आणि निम्मीच प्रकरणे सापडली, तर त्यामागे असे कारण असू शकते. फाइलींच्या नावांतही तेच. लिनक्सला इंग्रजी लहान-मोठी लिपी वेगळी वाटते, विंडोजला वाटत नाही. अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह लिनक्स नावात घेते, विंडोज घेत नाही. आणि दाव्याच्या क्रमांकातली तिरपी रेघ दोघांनाही चालत नाही. नाव कसे द्यायचे, कोणता कीबोर्ड वापरायचा, तिरप्या रेघेऐवजी काय लिहायचे, हे एका पानावर लिहून प्रत्येक टेबलापाशी लावले तर वर्षानुवर्षांचा गोंधळ टळतो. हे पान लिहायला मराठीही यावी लागते आणि यंत्रणाही. ते बाहेरून येणार नाही, ते इथेच लिहावे लागेल.

उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि याच दिवसांत वीज जाण्याचे प्रमाण वाढते. वीज अचानक गेली की डिस्कवर अर्धवट लिहिलेली नोंद हा जुन्या युनिक्सचा मोठा शत्रू होता. पुन्हा चालू करताना अख्खी डिस्क तपासण्यात बराच वेळ जाई. 2001 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या ईएक्सटी3 पासून फाइलव्यवस्था आधी काय करणार आहे याची नोंद ठेवते, आणि पोस्टग्रेसही हेच करतो. त्यामुळे धोका पुष्कळ घटला, संपला नाही. यूपीएसची बॅटरी उष्णतेने लवकर मरते. यूपीएस केबलने सर्व्हरला जोडून, बॅटरी संपत आली की सर्व्हरने स्वतःहून नीट बंद व्हावे, ही सोय लिनक्समध्ये फुकट आहे. ती केबल अनेक ठिकाणी खोक्यातच पडून राहते. बॅकअपचेही तसेच. रात्री प्रत निघते एवढ्यावर समाधान मानू नये. ती प्रत दुसऱ्या इमारतीत आहे का आणि तिच्यावरून प्रणाली पुन्हा उभी करून कोणी पाहिली आहे का, हे विचारायला हवे. उभी करून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: एवढा खटाटोप कशाला, सगळीकडे विंडोजच ठेवा. एकाच जातीचे जाळे सांभाळायला सोपे, हे खरेच. पण एकसारखेपणाची किंमत मे 2017 मध्ये जगाने पाहिली. 12 मे रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने विंडोजच्या फाइलवाटपातल्या एका भोकातून शिरून कार्यालयेच्या कार्यालये बंद पाडली. ते भोक बुजवणारी दुरुस्ती 14 मार्चलाच मिळत होती. दीड महिन्यात तसाच नॉटपेट्या आला आणि मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम थांबले. मग लिनक्स सुरक्षित का? तेही नाही. त्याच मे महिन्यात, 24 तारखेला, सांबातले 2010 पासूनचे तसेच गंभीर भोक जाहीर झाले. दोन्ही ठिकाणी वाचले ते दुरुस्त्या वेळेवर लावणारे. मुदत दोन्हींना आहे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि अनेक धडधाकट संगणक पुढच्या आवृत्तीला चालत नाहीत. तिथे लिनक्स त्यांना आयुष्य देऊ शकतो. पण उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचा नियमित आधारही पाच वर्षांचाच असतो. 14.04 ही आवृत्ती 2019 मध्ये मुदतबाह्य झाली. एकदा बसवला की झाले, असे इथे काहीच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लिनक्सचे प्रयोग सरकारी कार्यालयांत टिकत नाहीत. उदाहरण म्युनिकचे दिले जाते. त्या जर्मन शहराने 2003 मध्ये निर्णय घेऊन दहा वर्षांत सुमारे 15,000 संगणक लिनक्सवर नेले आणि 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचे ठरवले. हे उदाहरण टाळण्यासारखे नाही. मात्र मागे वळण्याआधी शहराने सल्लागारांकडून जी तपासणी करवून घेतली, तिच्यात मोठे दोष संघटनेचे निघाले: खात्याखात्यांत विखुरलेला संगणक विभाग, कोणाची जबाबदारी कुठे संपते याची अस्पष्टता. उलट केरळ पाहा. तिथल्या सरकारी शाळांतले संगणक शिक्षण 2000 नंतरच्या दशकात मुक्त सॉफ्टवेअरवर गेले आणि टिकले. तिथे जिल्ह्याजिल्ह्यात मास्टर ट्रेनर नेमले, प्रत्येक शाळेत एका शिक्षकावर संगणकांची जबाबदारी दिली. तेच सॉफ्टवेअर एका ठिकाणी पडते आणि दुसऱ्या ठिकाणी उभे राहते, तेव्हा कारण सॉफ्टवेअरच्या बाहेर शोधायला हवे.

तिसरा आक्षेप आजकालचा: सर्व्हर आता क्लाउडवर जाणार, मग तालुक्यात माणूस हवा कशाला? ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर 2023 मध्ये 7,210 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि त्यात क्लाउडवर भर आहे. दूरवरून बरेच काही करता येते, हे मान्य. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी 1995 मध्ये लिहिलेल्या एसएसएचमुळे पुण्यातला जाणकार दर्यापूरचा संगणक सुरक्षितपणे दुरुस्त करू शकतो. युनिक्सच्या घराण्याचे ते मोठे बळ आहे. पण त्यासाठी जाळे चालू असावे लागते. धारणीसारखे ठिकाण अमरावतीहून सव्वाशे किलोमीटरपेक्षा लांब, मेळघाटच्या जंगलापलीकडे. तिथे केबल तुटली, स्विच जळाला, स्कॅनर ओळखेना, तर एसएसएच कुठून शिरणार? सर्व्हर क्लाउडवर गेला तरी टायपिंग, स्कॅनिंग, छपाई आणि रोजनामा जागेवरच होणार. उलट सर्व्हर दूर गेल्यावर जागेवरचे जाळे अधिकच महत्त्वाचे होते, कारण ते बंद पडले की काहीच उरत नाही.

तेव्हा माणूस कोण, हा प्रश्न उरतो. ई-कोर्ट्स प्रकल्पाने याचे अर्धे उत्तर दिले आहे: न्यायालयांच्या कर्मचाऱ्यांतूनच काहींना सिस्टीम ॲडमिन म्हणून तयार केले. कामकाजाची नस ओळखणाऱ्या माणसाने यंत्रणा शिकणे हे बाहेरच्या कंत्राटदारापेक्षा केव्हाही चांगले. पण मूळ टेबल सांभाळून उरलेल्या वेळात पाहायचे हे काम नव्हे. त्याला वेगळे पद हवे, पदाला वेतनश्रेणी हवी, आणि बदली होताना हस्तांतराची सक्ती. कोणत्या संगणकाचा पत्ता कोणता, कोणती दुरुस्ती कधी लावली, प्रिंटर कसा जोडला, बॅकअप कधी तपासला, हे मराठीत लिहिलेल्या वहीसकट पुढच्याच्या हाती गेले पाहिजे. खरेदीतही त्याची सही लागावी. निविदेत ‘लिनक्सवर चालणारा’ ही अट नसल्याने आलेला प्रिंटर पाच वर्षे अडगळ होऊन बसतो.

अशी माणसे वऱ्हाडात मिळणार नाहीत, हे मला पटत नाही. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासूनचे. बडनेऱ्याचे राम मेघे आणि शेगावचे संत गजानन महाराज महाविद्यालय 1983 पासूनचे. तिथे ऑपरेटिंग सिस्टीमच्या विषयात युनिक्स शिकवले जाते, परीक्षेत विचारले जाते, आणि मुले पुण्या-बंगळुरूला निघून जातात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी आवाजात फुकट उपलब्ध आहेत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहा महिने जिल्हा न्यायालयात, कृषी विद्यापीठात किंवा जिल्हा परिषदेत सिस्टीम ॲडमिनच्या हाताखाली काम करायला लावून त्याचे गुण द्यावेत. विद्यार्थी न्यायालयाच्या यंत्रणेपर्यंत पोहोचले तर गोपनीयतेचे काय, अशी शंका यावर येईल आणि ती योग्य आहे. त्याचे उत्तर युनिक्सच्या रचनेतच आहे: विद्यार्थ्याला स्वतःचे खाते द्यावे, विदाकोशाला हात लागणार नाही एवढेच अधिकार द्यावेत, आणि त्याने दिलेली प्रत्येक सुडो आज्ञा दुसऱ्या संगणकावरच्या नोंदवहीत जावी, जिथे त्याला ती पुसता येणार नाही.